सरकारी सिस्टिमचे सिक्युरिटी कंट्रोल गणिताने कसे तपासायचे

कम्प्लायन्सच्या (ठरलेले सुरक्षा नियम पाळले जातात हे दाखवण्याच्या) कामात सगळ्यात जास्त वेळ स्क्रीनशॉट गोळा करण्यात जातो आणि माझं स्पष्ट मत आहे की त्यातले बरेचसे स्क्रीनशॉट काहीच सिद्ध करत नाहीत. कंट्रोलमधे, म्हणजे सुरक्षेच्या एका नियमात, लिहिलेलं असतं की सगळ्या प्रिव्हिलेज्ड (जास्तीचे अधिकार असलेल्या) अकाउंटला एमएफए (पासवर्डशिवाय आणखी एक पुरावा मागणारं लॉगिन) पाहिजे, आणि आपण जोडतो एका अ‍ॅडमिनच्या लॉगिन स्क्रीनचा फोटो. कंट्रोल "प्रत्येक" अकाउंटबद्दल बोलतोय, आपला पुरावा "किमान एका" अकाउंटचा आहे. ही दोन वेगळी विधानं आहेत आणि दुसऱ्यावरून पहिलं कधीच सिद्ध होत नाही, कितीही फोटो लावा.

हे लिहितोय ते दोन प्रकारच्या लोकांसाठी. एक म्हणजे पुण्यात बसून अमेरिकन फेडरल सिस्टिमच्या फेडरॅम्पचं (तिथल्या सरकारला क्लाउड सेवा द्यायची तर लागणारी सुरक्षा मंजुरी) काम करणारे, आणि दुसरे इथल्या शासकीय विभागांची पोर्टल सांभाळणारे ज्यांना सर्ट-इनचे (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) निर्देश पाळावे लागतात. गणित लागतं ते फार नाही, नववीच्या पुस्तकात पहिलाच धडा संचांचा आहे, तो आठवत असेल तर अर्धं काम झालं. बाकी "जर-तर" वाक्य नीट वाचता यायला पाहिजे आणि बेरीज.

थोडी पार्श्वभूमी. निस्टचं (अमेरिकेची मानकं ठरवणारी सरकारी संस्था) एसपी ८००-५३ हे कंट्रोलचं पुस्तक, पाचवी आवृत्ती, सप्टेंबर २०२० ची, त्यात कंट्रोलची २० कुटुंबं आहेत. सगळे कंट्रोल सगळ्यांना लागू नसतात, सिस्टिमच्या कॅटेगरीप्रमाणे बेसलाइन (किमान लागणाऱ्या कंट्रोलची यादी) ठरते: लो साठी १४९, मॉडरेटसाठी २८७, हायसाठी ३७० (एन्हान्समेंट, म्हणजे कंट्रोलला जोडलेल्या जास्तीच्या अटी, धरून). फेडरॅम्पने त्यात भर घालून १५६, ३२३ आणि ४१० केलेत. कॅटेगरी कशी ठरते तर गोपनीयता, अखंडता आणि उपलब्धता या तिन्हींना लो, मॉडरेट, हाय असा दर्जा द्यायचा (हे फिप्स १९९ या निस्टच्याच मानकातलं, २००४ सालचं) आणि तिघांतला जो सगळ्यात मोठा तो सिस्टिमचा दर्जा (हे फिप्स २००, २००६ चं). म्हणजे कमाल मूल्य काढायचं, सरासरी नाही. सिस्टिममधे दहा प्रकारची माहिती असेल आणि त्यातली एकच हाय असेल तरी सगळी सिस्टिम हाय होते, म्हणून ती एक माहिती वेगळ्या सिस्टिममधे काढून ठेवता येते का हे डिझाइनच्या वेळीच बघा, नंतर ८० च्या वर जास्तीचे कंट्रोल गळ्यात पडतात.

आधी वाक्य नीट लिहून घ्या

कंट्रोल हातात आला की लगेच एव्हिडन्सच्या मागे पळू नका. त्याचं एका वाक्यात रूपांतर करा ज्यात तीन गोष्टी स्पष्ट असतील: कोणता संच, त्यातल्या प्रत्येकाला कोणता गुणधर्म, आणि कोणता आकडा. आकडा बऱ्याचदा कंट्रोलमधे रिकामी जागा म्हणून दिलेला असतो, "संस्थेने ठरवलेल्या कालावधीत" वगैरे, तो भरल्याशिवाय वाक्य पूर्णच होत नाही आणि अपूर्ण वाक्य खरं पण नसतं आणि खोटं पण नसतं. मी बघितलेल्या कितीतरी सिस्टिम सिक्युरिटी प्लॅनमधे या जागी "ठराविक काळाने" असं लिहिलेलं असतं. त्यावर काय तपासणार?

उदाहरण घ्या आयए-२ चं (ओळख पटवण्याच्या कुटुंबातला दुसरा कंट्रोल) पहिलं एन्हान्समेंट, तेच एमएफएवालं. वाक्य असं होतं: प्रिव्हिलेज्ड अकाउंटच्या संचातल्या प्रत्येक अकाउंटला एमएफए सक्तीचं आहे. आता याचा नकार लिहा: असं किमान एक अकाउंट आहे जे प्रिव्हिलेज्ड आहे आणि ज्याला एमएफए सक्तीचं नाही. क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) लिहायची ती या नकाराची. म्हणजे आपण आपल्याच विरुद्ध काउंटर एक्झाम्पल शोधतोय. शून्य ओळी आल्या तर कंट्रोल टिकला, एक जरी आली तरी पडला, मग ते अकाउंट कितीही जुनं असो आणि "ते कोणी वापरत नाही" असं कोणीही सांगो.

जर-तर असलेले कंट्रोल लोक फार चुकीचे वाचतात. "बाहेरून कनेक्ट होत असेल तर व्हीपीएनमधूनच" हे वाक्य फक्त एकाच परिस्थितीत मोडतं, बाहेरून कनेक्ट होतंय आणि व्हीपीएन नाहीये. व्हीपीएन आहे पण बाहेरून कोणी येतच नाही, यात काही मोडत नाही. त्यामुळे व्हीपीएन चालू असल्याचा कॉन्फिगरेशन फोटो इथे उपयोगाचा नाही, उलट्या बाजूने जा: व्हीपीएनमधून न येणाऱ्या सगळ्या वाटा काढा आणि त्यातली एकही बाहेर उघडत नाही हे दाखवा. जर-तर वाक्य उलटं करून, दोन्हीकडे नकार घालून वाचलं तरी अर्थ तोच राहतो आणि बऱ्याच वेळा ते उलटं रूपच तपासायला सोपं पडतं.

संच कुठून आणला ते सांगा

सगळी मेख इथे आहे. "प्रत्येक" म्हणायचं तर आधी यादी पूर्ण पाहिजे, आणि यादी पूर्ण आहे हे ती यादी स्वतः सांगू शकत नाही. स्कॅनरचा (सर्व्हरमधल्या त्रुटी शोधणाऱ्या टूलचा) रिपोर्ट म्हणतो १०० टक्के सर्व्हर स्कॅन झाले, पण ते १०० टक्के स्कॅनरला माहिती असलेल्या सर्व्हरचे. ज्या व्हीएमबद्दल (आभासी सर्व्हर) त्याला कोणी सांगितलंच नाही तो टक्केवारी काढताना ना वर मोजला जातो ना खाली.

म्हणून नेहमी दोन स्वतंत्र ठिकाणांहून संच आणा आणि दोन्ही दिशेने वजाबाकी करा. सर्व्हरसाठी क्लाउडच्या एपीआयमधून (प्रोग्रॅमने थेट माहिती मागायची सोय) आलेली यादी आणि स्कॅनरची यादी, अकाउंटसाठी एचआरची यादी आणि अ‍ॅप्लिकेशनच्या डेटाबेसमधलं युजर टेबल. क्लाउडमधे आहे पण स्कॅनरमधे नाही, ते न तपासलेले. स्कॅनरमधे आहे पण क्लाउडमधे नाही, हे एकतर बंद झालेले किंवा कोणीतरी भलत्याच खात्यात उभे केलेले, आणि दुसरं असेल तर ते जास्त गंभीर. दोन्ही वजाबाक्या शून्य आल्या तरच यादीवर विश्वास ठेवा. आणि दोन ठिकाणं खरोखर स्वतंत्र आहेत का ते बघा, कारण अॅसेट रजिस्टर जर स्कॅनरच्या रिपोर्टमधूनच भरलं जात असेल तर दोघांची तुलना करून काही मिळणार नाही, कायम शून्यच येणार.

आता एक अशी गोष्ट जी फार कमी लोक तपासतात. रिकाम्या संचाबद्दल "प्रत्येक" असं काहीही म्हटलं तरी ते खरंच असतं. पायथनमधे रिकाम्या लिस्टवर ऑल फंक्शन चालवून बघा, ट्रू येतं. कारण खोटं ठरवायला एकही उदाहरण नाही. डॅशबोर्डवर याचा परिणाम असा की कोणीतरी टॅगचं (ओळखीसाठी लावलेल्या लेबलचं) स्पेलिंग बदललं, "प्रॉड" च्या जागी "प्रॉडक्शन" केलं, क्वेरीला शून्य अकाउंट सापडली, शून्यपैकी शून्य नापास, कंट्रोल हिरवा. महिनोन्महिने हिरवा राहतो. म्हणून प्रत्येक तपासणीत आधी संच रिकामा नाही हे तपासा, त्याची संख्या छापा, आणि मागच्या वेळेपेक्षा अचानक कमी झाली असेल तर तपासणी फेल करा. नापासांच्या आकड्याशेजारी एकूण किती तपासले हा आकडा नसेल तर तो रिपोर्ट परत पाठवा.

वेळेचे कंट्रोल: सरासरी नको, सगळ्यात वाईट केस काढा

हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे कारण इथे फक्त बेरीज लागते आणि तरी इथेच सगळ्यात जास्त कंट्रोल मोडलेले सापडतात.

समजा तुम्ही एसी-२ च्या (अकाउंट सांभाळण्याचा कंट्रोल) तिसऱ्या एन्हान्समेंटमधे भरलंय की माणूस सोडून गेला की २४ तासांत अकाउंट बंद. यंत्रणा अशी: एचआरची फाइल रोज संध्याकाळी ६ ला येते, आणि अकाउंट बंद करणारा जॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्रॅम) रोज रात्री २ ला चालतो. दोन्ही रोज चालतात म्हणून सगळ्यांना वाटतं २४ तास सहज पाळले जातात. आता सगळ्यात वाईट केस बसवा. सोमवारी संध्याकाळी ६ वाजून ५ मिनिटांनी एचआरने नोंद केली. सोमवारची फाइल तर गेली. मंगळवारी ६ च्या फाइलमधे नाव आलं, जॉब चालला बुधवारी पहाटे २ ला. एकूण ३१ तास ५५ मिनिटं. कंट्रोल मोडला, आणि कोणाचीही काही चूक नाही, सगळे जॉब वेळेवर चाललेत.

मग कोणी म्हणेल जॉब ६:३० ला लावू, फाइल आल्या आल्या. तरी सगळ्यात वाईट केस २४ तास अधिक अर्धा तास, पुन्हा बाहेर. म्हणजे फाइल दिवसातून एकदाच येत असेल तर २४ तासांची मर्यादा पाळणं शक्यच नाही, जॉब कधीही लावा. फाइल दिवसातून दोनदा आली, सकाळी ६ आणि संध्याकाळी ६, आणि अर्ध्या तासाने जॉब चालला, तर सगळ्यात वाईट साडेबारा तास. आता एखादा जॉब फेल झाला तरी पुढच्या फेरीत साडेचोवीस होतात, म्हणजे एक फेल पण परवडत नाही, मग दिवसातून तीनदा करायची का हे तुम्ही ठरवा. सूत्र साधंच आहे: साखळीतल्या प्रत्येक टप्प्याचा वाट बघायचा जास्तीत जास्त वेळ अधिक काम करायचा जास्तीत जास्त वेळ, सगळ्यांची बेरीज, ती मर्यादेच्या आत पाहिजे.

आपल्याकडचं उदाहरण पण हेच सांगतं. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ ला काढलेले निर्देश सरकारी संस्थांनाही लागू आहेत, त्यात सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची. समजा एसओसी (सायबर हल्ल्यांवर नजर ठेवणारं केंद्र) चालवणाऱ्या व्हेंडरच्या करारात २ तास आहेत, विभागाच्या आयटी सेलला तपासायला १ तास, आणि मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यासाठी ४ तास. प्रत्येकजण आपापली मर्यादा पाळतोय, बेरीज ७. करारावर सही होते त्या दिवशीच हे दिसत असतं. मागच्या घटना सरासरी चार तासांत कळवल्या असं कोणी दाखवलं तर त्याने काहीच सिद्ध होत नाही, सरासरी चार असताना एखादी नऊ तासांची असू शकते आणि नेमकी ती रात्रीची, सुट्टीच्या दिवसाची असते. घड्याळ व्हेंडरच्या लक्षात आलं तेव्हापासून सुरू झालं असंच धरून चला.

त्याच निर्देशात १८० दिवसांचे लॉग (सिस्टिमवर काय काय झालं त्याच्या नोंदी) ठेवायला सांगितलेत. बऱ्याच ठिकाणी लॉग दिवसांवर नाही तर साइझवर फिरतात, डिस्क भरली की जुनं पुसलं. डिस्क २०० जीबी, रोजचा लॉग १.२ जीबी, भागाकार करा, १६६ दिवस. १८० साठी २१६ जीबी लागतात, आणि अर्ज भरायची शेवटची तारीख असलेल्या आठवड्यात पोर्टलवर लॉग दुप्पट होतो तो वेगळाच. इथे पण रोजची सरासरी घेऊ नका, सगळ्यात जड १८० दिवसांची बेरीज घ्या.

घड्याळांचं पण असंच. निर्देशात एनआयसी (सरकारचं माहिती तंत्रज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) एनटीपी सर्व्हरशी (नेटवर्कवरून अचूक वेळ देणारा) वेळ जुळवायला सांगितलंय ते उगाच नाही. दोन मशीनची घड्याळं प्रत्येकी २ सेकंदांपर्यंत चुकत असतील तर ४ सेकंदांपेक्षा जवळच्या दोन घटनांमधे आधी कोणती झाली हे लॉगवरून सांगताच येत नाही. आधी लॉगिन झालं की आधी पासवर्ड बदलला, हाच तर तपासाचा प्रश्न असतो.

दोन माणसांचा कंट्रोल

एसी-५, कामाची विभागणी. सरकारी कामात हे तत्त्व कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीपासून आहे, बिल तयार करणारा आणि मंजूर करणारा वेगळा. संचांच्या भाषेत: बिल तयार करू शकणाऱ्यांचा संच आणि मंजूर करू शकणाऱ्यांचा संच यांचा छेद रिकामा पाहिजे.

अडचण "करू शकणाऱ्यांचा" या शब्दात आहे. रोलच्या (कामाप्रमाणे दिलेल्या परवानग्यांचा गठ्ठा) टेबलमधे थेट दिसणारी परवानगी घेतली तर छेद बहुतेक वेळा रिकामाच येतो. पण ग्रुपच्या आत ग्रुप असतात, म्हणून माणसापासून निघून ग्रुप, त्याच्या वरचा ग्रुप, रोल, परवानगी असं जिथपर्यंत पोचता येतं तिथपर्यंत जायला पाहिजे. हा ग्राफ (ठिपके आणि त्यांना जोडणारे बाण) आहे आणि प्रश्न पोचण्याचा आहे, ब्रेड्थ फर्स्ट सर्चने (एकेक पायरी पुढे जात सगळ्या वाटा बघायची पद्धत) सुटतो. आणि एक बाण लोक हमखास विसरतात: ज्याला एखाद्या ग्रुपचे सभासद बदलता येतात तो त्या ग्रुपच्या सगळ्या परवानग्यांपर्यंत पोचतोच. हेल्पडेस्कच्या माणसाला बिल मंजूर करता येत नाही, पण मंजुरीच्या ग्रुपमधे नाव घालता येतं, म्हणजे स्वतःचंही घालता येतं. तसंच ज्याला थेट प्रॉडक्शन डेटाबेसवर लिहिता येतं त्याच्यापासून मंजुरीपर्यंत बाण काढाच.

१९७६ मधे हॅरिसन, रुझो आणि उलमन यांनी दाखवलं की परवानग्या बदलायचे नियम हवे तितके मोकळे असतील तर "ही परवानगी कधीतरी या माणसाकडे जाऊ शकते का" याचं उत्तर देणारा सर्वसाधारण अल्गोरिदम असूच शकत नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की परवानगीचं मॉडेल मुद्दाम साधं ठेवा. परवानग्या देण्याचे अधिकार दोन-तीन रोलपुरते ठेवले तर उत्तर मिनिटात मिळतं, जो उठेल तो दुसऱ्याला अधिकार देऊ शकतो अशी रचना केली तर कोणतंही टूल तुम्हाला वाचवणार नाही.

छोट्या ऑफिसात माणसंच कमी असतात आणि दोन्ही रोल एकाकडे द्यावे लागतात. तिथे अट प्रत्येक बिलावर लावा: या बिलाचा तयार करणारा आणि मंजूर करणारा एकच नाही. क्वेरी सोपी आहे पण तुलना लॉगिन आयडीची करू नका, माणसाची करा, कारण एका माणसाची दोन लॉगिन असतात आणि मग दोन आयडी वेगळे दिसतात. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना सेवार्थ आयडी असतो, तसा माणसागणिक एकच असलेला नंबर लॉगिनला जोडलेला असला पाहिजे, नाहीतर ही तपासणी कितीही वेळा पास झाली तरी तिला अर्थ नाही.

नेटवर्क टेस्ट करून संपत नाही

एससी-७ साठी (नेटवर्कच्या सीमेचं रक्षण) लोक पोर्ट स्कॅनचा (कोणते पोर्ट, म्हणजे नेटवर्कची दारं, उघडी आहेत याच्या चाचणीचा) रिपोर्ट जोडतात. पॅकेटमधे (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा) ३२ बिटांचा सोर्स पत्ता, ३२ चा डेस्टिनेशन, १६-१६ चे दोन पोर्ट आणि ८ चा प्रोटोकॉल, मिळून १०४ बिट, म्हणजे २ चा १०४ वा घात इतकी वेगवेगळी पॅकेट, अंदाजे २ वर ३१ शून्य. तुमचा स्कॅन यातली किती तपासतो? म्हणून पॅकेट पाठवून बघण्यापेक्षा नियमांवरच तर्क करायचा: "असं एखादं पॅकेट आहे का जे इंटरनेटवरून निघून डेटाबेसच्या सबनेटपर्यंत पोचतं" हा प्रश्न सॉल्व्हरला (अटींत बसणारं उत्तर गणिताने शोधणारं टूल) विचारायचा. एकतर तो असं पॅकेट काढून देतो किंवा असं पॅकेट नाही हे सिद्ध करतो. मायक्रोसॉफ्ट रिसर्चचा झेड-थ्री फुकट आहे आणि अशा प्रश्नांना पुरतो. अॅमेझॉनमधे झेल्कोव्हा नावाचं इंजिन हेच काम आयएएम पॉलिसीवर (कोणाला कशाची परवानगी ते ठरवणारे नियम) करतं आणि त्यावरच २०१९ मधे आयएएम अॅक्सेस अॅनलायझर आला, म्हणजे तुम्ही अॅमेझॉनवर असाल तर हे गणित आधीच तुमच्या हाताशी आहे, फक्त चालू करायचं आणि त्याचे निकाल वाचायचे. एकच लक्षात ठेवा, सॉल्व्हरने सिद्ध केलं ते तुम्ही दिलेल्या नियमांबद्दल. जो राउटर त्याला दाखवलाच नाही त्याबद्दल नाही, म्हणजे परत संचाच्या पूर्णतेवर आलो.

सगळे तपासता येत नसतील तर

कागदोपत्री कंट्रोल असतात, ट्रेनिंगच्या सह्या, बदलाच्या मंजुऱ्या, इथे नमुना घ्यावाच लागतो. मग नमुना काय सांगतो ते नीट सांगा. समजा मोठ्या ढिगातल्या ५ टक्के नोंदी सदोष आहेत आणि तुम्ही २५ उचलल्या. एकही सदोष न सापडण्याची शक्यता ०.९५ चा २५ वा घात, म्हणजे साधारण २८ टक्के. चारात एकापेक्षा जास्त वेळा तुम्ही पास म्हणाल आणि ढिगात वीसात एक नोंद सडकी असेल. ९५ टक्के खात्रीने पकडायचं असेल तर ५९ लागतात, आणि सदोष फक्त १ टक्का असतील तर २९९. हे सगळं तेव्हाच लागू जेव्हा नमुना यादृच्छिक असतो, टीमने स्वतः निवडून दिलेल्या २५ फाइलींना ही गणितं लावूच नका.

जे क्वेरीने पूर्ण तपासता येतं तिथे नमुना घेऊच नये असं मला ठामपणे वाटतं. ४००० अकाउंटमधून २५ चे फोटो काढायला जो वेळ जातो त्यापेक्षा कमी वेळात सगळ्या ४००० वर क्वेरी चालते.

वाटून घेतलेले आणि सूट दिलेले

क्लाउडवर असाल तर कंट्रोलचा काही भाग प्रोव्हायडर बघतो. एसी-२ चे पाचव्या आवृत्तीत १२ उपभाग आहेत, प्रत्येक उपभागापुढे कोणाचं नाव आहे ते लिहा, तुमचा संच आणि प्रोव्हायडरचा संच यांचा संयोग बरोबर १२ आला पाहिजे. अकराच आले तर राहिलेला उपभाग दोघांनाही समोरच्याचा वाटतोय. छेदात काही आलं तर त्याला हरकत नाही, पण प्रत्यक्षात कोण करतं ते विचारून घ्या.

सूट म्हणजे संचातून वजा केलेले घटक, आणि प्रत्येक घटकाला शेवटची तारीख पाहिजे. तपासणीची क्वेरी लिहिताना "सूट यादीत नाही" अशी अट घालू नका, "सूट यादीत नाही किंवा सूट संपली आहे" अशी घाला. एवढ्या एका "किंवा" मुळे तारीख उलटली की जुना सर्व्हर आपोआप परत नापास दिसायला लागतो. सूट कशाच्या बदल्यात दिली तेही त्याच ओळीत असू दे, कारण ते पण एक विधान आहे, "हा सर्व्हर वेगळ्या नेटवर्कमधे आहे म्हणून चालेल" असं म्हटलं असेल तर तो खरंच वेगळ्या नेटवर्कमधे आहे का याची पण क्वेरी रोज चालली पाहिजे.

असेसरला (कंट्रोल तपासणाऱ्या परीक्षकाला) देताना प्रत्येक कंट्रोलमागे एक पान पुरतं: एका वाक्यातलं विधान, भरलेले आकडे, संच कुठल्या दोन ठिकाणांहून आला आणि दोन्ही वजाबाक्या किती आल्या, नकाराची क्वेरी जशीच्या तशी, ती कधी चालली, किती घटकांवर चालली, किती सापडले, आणि सूट असलेले कोणते व कधीपर्यंत. ही माहिती निस्टच्या ऑस्कॅल फॉरमॅटमधे भरली तर पुढच्या वर्षी मशीनच वाचते. सुरुवात करायची तर तीनच कंट्रोल घ्या, एमएफए, सोडून गेलेल्यांची अकाउंट आणि सर्व्हरची यादी, कारण बाकीच्या बऱ्याच तपासण्या या तीन संचांवरच उभ्या असतात.